गोड खाली, तिखट वर

रात्रीचा दीड वाजलेला. मुंबईच्या टर्मिनल २ मधलं फूड कोर्ट लग्नघरासारखं जागं होतं. कुणी डोसा मोडत होतं, कुणी नूडल्स उचलत होतं, आणि टाय लावलेला एक गृहस्थ, ज्या वेळी घरी पाणी प्यायलाही उठला नसता, त्या वेळी मन लावून वडापाव खात होता. माझ्या शेजारच्या टेबलावर सोलापूरच्या एक काकू स्टीलचा डबा उघडून बसल्या होत्या. डब्यात गुळाच्या दशम्या, दोन कडक भाकरी आणि कागदाच्या पुडीत शेंगाचटणी. लेकीकडं फ्रँकफुर्टला निघाल्या होत्या, चौथ्यांदा.

दशम्या त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवल्या. चटणीची पुडी मात्र न उघडताच भाकरीसोबत पुन्हा डब्यात गेली.

‘‘काकू, चटणी राहिली की,’’ मी म्हटलं.

‘‘ती वर खायची. वर गेल्यावर गोडाला गोडी राहत नाही बघा. गोड खाली, तिखट वर. चार खेपांत एवढं कळलंय मला.’’

मी हसलो आणि मान डोलावली. प्रवासातल्या माणसांचे आपापले नेम असतात. कुणी उजव्या पायानं विमानात शिरतं, कुणी खिडकीच हवी म्हणून अडून बसतं, तसाच हाही एक, असं वाटलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढं त्याचा माग काढत गेलो, तेव्हा लक्षात आलं की विमानापूर्वीच्या त्या तासाभरात आपल्या ताटलीभोवती केवढं जग गोळा झालेलं असतं.

पहिलं कोडं वेळेचं. रात्री दीड वाजता एवढी माणसं जेवतात कशी? भूक मुंबईची, पण तिचं घड्याळ फ्रँकफुर्टचं. त्या विमानतळाभोवती वस्ती आहे आणि लोकांची झोप मोडू नये म्हणून तिथं रात्री ११ ते पहाटे ५ विमानांच्या ठरलेल्या ये-जा बंद असतात. मुंबईहून तिथं जायला साधारण नऊ तास लागतात. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास. आता बोटांवर हिशेब करा. मुंबईहून रात्री साडेबाराला सुटलेलं विमान तिथं पहाटे पाचला, म्हणजे दार उघडता उघडता पोचतं. थोडं उशिरा निघालं तर सकाळी उतरून पुढची, अमेरिकेकडं जाणारी विमानं पकडता येतात. म्हणजे जर्मनीतल्या कुणाच्या तरी साखरझोपेपायी अंधेरीतला माणूस मध्यरात्री वडापाव खातो. टर्मिनलमध्ये नाश्ता, जेवण, मधल्या वेळचं खाणं हे भेद गळून पडतात ते यामुळं. तिथं प्रत्येक जण आपापल्या गावच्या वेळेत बसलेला असतो.

दुसरं कोडं मला स्वतःलाच पडलं होतं, सिक्युरिटीच्या रांगेत. माझ्या बॅगेत बेसनाचे लाडू होते. पट्ट्यावरून बॅग आत गेली, थांबली, मागं आली, पुन्हा आत गेली. जवानानं बॅग बाजूला घेऊन उघडायला लावली, डब्यात डोकावलं आणि ‘‘लाडू?’’ एवढंच विचारून परत दिली.

लाडवांनी असं काय केलं होतं? एक्स-रेच्या पडद्यावर बॅगेतल्या वस्तू खऱ्या रंगात दिसत नाहीत. यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सोडतं आणि वस्तूनं कोणते किती अडवले त्यावरून ती कशाची बनली असावी याचा अंदाज बांधतं. जड अणूंचे पदार्थ, म्हणजे लोखंड, तांबं, स्टील, निळे दिसतात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या अणूंचे पदार्थ नारिंगी दिसतात. अन्न जवळपास सगळं याच हलक्या अणूंचं. पंचाईत अशी की बहुतेक स्फोटकंही त्यांचीच. त्यामुळं निळ्या डब्यात दाटीनं बसलेले नारिंगी गोळे पाहिले की पडद्यापुढच्या माणसाचा हात थांबणारच. भाजक्या बेसनाचा खमंग वास अजून कुठल्या पडद्यावर उमटत नाही.

पातळ पदार्थांची गोष्ट आणखी गमतीची. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनच्या पोलिसांनी एक कट उधळला. अटलांटिकवरून जाणारी विमानं पाडायची होती, आणि स्फोटक द्रव शीतपेयांच्या बाटल्यांतून नेण्याचा बेत होता. त्या काळच्या यंत्रांना साधं पाणी आणि घातक द्रव यांतला फरक खात्रीनं सांगता येत नसे. म्हणून मग सोपा उपाय निघाला : मापच लहान ठेवायचं. १०० मिलिलिटरपेक्षा मोठं भांडं नको. नियम भांड्याच्या मापाचा आहे, आतल्या ऐवजाचा नाही. अर्धा लिटरच्या बाटलीत तळाशी घोटभर पाणी असलं, तरी ती बाटली मोठीच.

आणि द्रव म्हणजे तरी काय? जे ओतता येतं, पसरतं, थापलं जातं, भांड्याचा आकार घेतं ते सगळं. आपल्या स्वयंपाकघरातली वर्गवारी इथं कोसळते. श्रीखंड आपण वाटीत घेतो, पुरीला लावून खातो. सुरक्षेच्या दृष्टीनं ते शाम्पूच्या पंगतीला बसतं. थिजलेलं तूप, मुरंबा, आमरस यांचीही तीच गत. शेंगाचटणी मात्र कोरडी, त्यामुळं ती सुटते. दशमीही सुटते. दशमी हा मुळातच प्रवासाचा पदार्थ. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचं, म्हणजे भाकरी मऊ राहते आणि सोवळ्याओवळ्याच्या काळात वाटेत खायलाही चालते. पाण्याच्या नियमातून सुटण्याचा दशमीचा अनुभव विमानाहून पुष्कळ जुना आहे.

सुक्या पदार्थांतला एकच भिडू अनपेक्षितपणे अडकतो : सुकं खोबरं. बाळंतिणीसाठी लाडू वळायचे म्हणून खोबऱ्याच्या वाट्या घेऊन निघालेल्यांना विमानतळावर अडवलं की ते चक्रावतात. खोबऱ्यात तेल भरपूर. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी सावकाश संयोग पावतं आणि त्यात उष्णता निघते. थोडं खोबरं असेल तर ती उडून जाते. पण पोत्यांच्या थप्पीत, कोंदट जागी ती साठत जाते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. म्हणून धोकादायक मालाच्या जागतिक यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे, १३६३, आणि वर्ग आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांचा. जहाजांवर पोत्यांनी खोबरं लादणाऱ्यांसाठी केलेली ही सावधगिरी आज तुमच्या हँडबॅगेतल्या दोन वाट्यांपर्यंत पोचली आहे. आपल्याकडं नारळालाही केबिनमध्ये मज्जाव असतो. शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ जवळ बाळगता यावा म्हणून २०२२ च्या मोसमात त्यातून ठरावीक मुदतीची खास सूट दिली गेली होती.

सिक्युरिटी ओलांडली, पासपोर्टवर शिक्का बसला, की आणखी एक चमत्कार होतो. पाय अंधेरीतच असतात, पण कराच्या दृष्टीनं तुम्ही देशाबाहेर पडता. समोरची ड्यूटी फ्रीची झगमग या एका कल्पनेवर उभी आहे. ही कल्पना सुचली आयर्लंडमध्ये, आणि तीही खानपानाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला.

१९३९ च्या सुमाराला अटलांटिक ओलांडणारी प्रवासी विमानं पाण्यावर उतरत. युरोपच्या बाजूचा त्यांचा शेवटचा थांबा म्हणजे शॅनन नदीच्या मुखाजवळचं फॉइन्स नावाचं छोटं गाव. इथून पुढं थेट न्यूफाउंडलंड. मध्ये फक्त समुद्र. तिथल्या टर्मिनलमधल्या उपाहारगृहाची जबाबदारी ब्रेंडन ओरेगन या तरुणाकडं होती आणि मुदपाकखाना जो शेरिडन या आचाऱ्याकडं. गोष्ट अशी सांगतात की १९४३ च्या हिवाळ्यात एका रात्री निघालेलं विमान खराब हवेमुळं अर्ध्या वाटेतून परत आलं. काकडलेले, दमलेले प्रवासी होडीतून पुन्हा धक्क्यावर उतरले. शेरिडननं गरम कॉफीत व्हिस्की आणि साखर घातली, वरून साय सोडली. ही ब्राझीलची कॉफी का, असं कुणीसं विचारलं. नाही, आयरिश, असं उत्तर आलं म्हणतात. जगभरच्या मेन्यूकार्डांवर दिसणारी आयरिश कॉफी अशी विमानाची वाट पाहणाऱ्यांच्या खोलीत जन्मली.

त्या पेल्यातही थोडं विज्ञान आहे. साय वर तरंगायला हवी, आणि ती तरंगते ती बरीचशी साखरेमुळं. साखर विरघळली की कॉफी जड होते आणि हलकी साय वर राहते. बिनसाखरेच्या कॉफीत ती सहज खाली जाते. १९५२ मध्ये स्टँटन डेलाप्लेन हा पत्रकार या पेयाचं वेड घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला परतला, तेव्हा तिथल्या ब्युएना व्हिस्टा कॅफेत हीच साय बुडायची आणि ती तरंगवण्यासाठी बरीच खटपट झाली.

महायुद्ध संपलं, पाण्यावर उतरणारी विमानं मागं पडली आणि नदीपलीकडचा शॅनन विमानतळ मोठा झाला. अमेरिका-युरोप विमानं तिथं इंधनासाठी थांबत. प्रवासी उतरत, पाय मोकळे करत, पुन्हा चढत. ते आयर्लंडमध्ये आलेही नव्हते आणि गेलेही नव्हते. मग त्यांच्याकडून आयर्लंडनं कर का घ्यावा? ओरेगनचा विचार असा होता. १९४७ मध्ये आयर्लंडच्या संसदेनं शॅननला करमुक्त विमानतळ ठरवणारा कायदा केला आणि जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान तिथं सुरू झालं. आज दुबईपासून सिंगापूरपर्यंत जे बाजार थाटलेले दिसतात, त्यांचं मूळ त्या ओल्या, वादळी किनाऱ्यावर आहे.

कर नसूनही मग टर्मिनलमधला चहा महाग का? पहिली गोष्ट, करमाफी ड्यूटी फ्री दुकानाला असते, चहावाल्याला नाही. चहावाला विमानतळाला भाडं तर देतोच, बहुतेक ठिकाणी विक्रीतला वाटाही देतो. त्याची दुधाची प्रत्येक पिशवी तपासून आत येते, कांदा चिरायची सुरी नोंदवहीत असते, कामगाराला पोलीस पडताळणी करून पास काढावा लागतो आणि दुकान रात्रभर उघडं ठेवावं लागतं. पण यातला सर्वांत अजब भाग पुढंच आहे. विमान उतरवण्याचे, उभं करण्याचे दर विमानतळानं किती लावावेत हे आपल्या देशात, मोठ्या विमानतळांपुरतं, एक नियामक ठरवतो. ते ठरवताना दुकानं, खाद्यपदार्थ, पार्किंग, जाहिराती यांतून मिळालेल्या उत्पन्नाचा ३० टक्के हिस्सा त्या दरांचा भार हलका करण्यासाठी धरला जातो. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणानं हेच सूत्र पुढं नेलं. म्हणजे तुम्ही कुरकुरत प्यालेल्या चहातले थोडे पैसे फिरून विमानाच्या चाकांखालच्या धावपट्टीला लागतात. चहा न पिणाऱ्यांचाही प्रवास त्यामुळं किंचित स्वस्त होतो. हे कळल्यावर चहा गोड लागतो असं नाही, पण घोट घेताना माणूस धावपट्टीकडं जरा आपुलकीनं पाहतो. सरकारनंही या तक्रारीची दखल घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. तिथं चहा १० रुपयांना आणि समोसा २० रुपयांना ठेवला गेला, आणि पुढं ही कल्पना इतर विमानतळांवरही गेली.

आता पोटाकडं वळू, कारण टर्मिनलमध्ये खाल्लेलं सगळं तुमच्यासोबत उडणार असतं.

विमान ३५ हजार फुटांवर असतं, तेव्हा आतली हवा जमिनीवरच्याइतकी दाट ठेवत नाहीत. तशी ठेवायची तर विमानाचं अंग फार जाड आणि जड करावं लागेल. म्हणून आतला दाब जास्तीत जास्त २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असेल इतपत उतरू देतात. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत तो १,८०० मीटरच्या आसपास असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रात कुठंही पायी चढून गाठता येत नाही अशा उंचीवर आपण खुर्चीत पट्टा बांधून बसलेले असतो, तेही दम न लागता.

दाब कमी झाला की वायू फुगतो. हा नियम १६६२ मध्ये मांडणारा रॉबर्ट बॉईल हाही आयर्लंडमध्येच जन्मलेला. महाबळेश्वरला पोचल्यावर वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं तुम्ही पाहिलं असेल; तेच ते. समुद्रसपाटीवर एक लिटर असलेली हवा २,४०० मीटरवर जवळपास एक लिटर आणि वर तिसरा हिस्सा एवढी होते. पाकिटात होते, तशी पोटातही होते. मटकी, वाल, पावटे, राजमा यांत काही साखरा अशा असतात की त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. म्हणून चढण्यापूर्वी तर्रीदार मिसळ आणि वर थंडगार सोडा हा बेत जिभेला कितीही पटला, तरी दोन तासांनी कळसूबाईच्याही वर बसलेलं पोट त्याची आठवण करून देतं. शेजारच्याला ती होऊ नये, एवढीच प्रार्थना.

चहाचंही तसंच. पाणी जमिनीवर १०० अंशांना उकळतं, २,४०० मीटरवर साधारण ९२ अंशांना. चहा पावडरीचा रंग आणि कस उतरायला कडकडीत पाणी लागतं, आणि आपल्याकडं तर तो आलं घालून उकळत ठेवल्याशिवाय चहा म्हणवतच नाही. अमृततुल्य ही खालची गोष्ट आहे. ती खालीच पिऊन घ्यावी.

आणि मग काकूंची जीभ.

केबिनमधली हवा फार कोरडी असते. आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे नागपूरची मे महिन्यातली दुपार. नाकाच्या आतला ओलावा सुकतो आणि वास मंदावतो. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. सर्दीत वरण बेचव लागतं ते उगीच नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लुफ्तान्सा या विमान कंपनीसाठी याचा छडा लावला. होल्झकिर्शन इथं त्यांच्याकडं जमिनीवर एका प्रचंड नळकांड्यात बसवलेलं खऱ्या विमानाचं धड आहे. त्यातला दाब उतरवला, हवा कोरडी केली, आवाज लावला आणि माणसांना जेवायला बसवलं. २०१० च्या सुमाराला निष्कर्ष आले : मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवते. विमानात लोक टोमॅटोचा रस इतका का मागतात, या प्रश्नापासून हे सुरू झालं होतं. जमिनीवर जो रस मातकट, कुबट वाटतो, तोच वर ताजा आणि फळासारखा लागतो, असं चाखणाऱ्यांनी सांगितलं.

आवाजाचाही यात हात आहे. केबिनमध्ये साधारण ८५ डेसिबलची घरघर सतत चालू असते, म्हणजे शेजारी मिक्सर लावून जेवायला बसल्यासारखं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांच्या कानांत असा आवाज सोडून त्यांना चवी दिल्या. गोडाची जाणीव बोथट झाली. टोमॅटो, अळंबी, मुरलेलं चीज यांत असते ती उमामी उलट वाढली. कानाचा आणि जिभेचा संबंध काय? शरीररचनेत तो अक्षरशः आहे. जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडं नेणारी नस, कोर्डा टिंपनी, कानाच्या पडद्याला घासून, मधल्या कानातून जाते. गुळाच्या दशमीचा निरोप कानातून वर जातो, आणि तिथं विमानाचा गोंगाट चालू असेल, तर त्याचाही संबंध येत असावा, असं संशोधकांना वाटतं.

राहिलं तिखट. शास्त्राच्या हिशेबात ती चवच नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या टोकांना चेतवतं, आणि तो निरोप चेहऱ्याच्या स्पर्शाच्या, दुखण्याच्या नसेनं जातो. त्याला ना नाकातला ओलावा लागतो, ना मधल्या कानातली वाट. साखर फिकी पडते, मीठ मागं सरतं, पण मिरची आपल्या वेगळ्या रस्त्यानं पोचते.

गोड खाली, तिखट वर. काकूंच्या चार खेपा आणि होल्झकिर्शनचं नळकांडं एकाच ठिकाणी येऊन थांबले होते.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री फ्रँकफुर्टची घोषणा झाली, काकूंनी डब्याची कडी लावली, तोंडावर पदर फिरवला आणि उठल्या. जाताना म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडं लाडू आहेत ना? मग खाऊन घ्या इथंच. वर नेऊन काय उपयोग?’’

त्या गेटकडं गेल्या. मी डबा उघडला आणि तिथंच, रात्रीच्या दोन वाजता, दोन लाडू खाल्ले. तिसरा वर नेला, केवळ कुतूहलापोटी. अरबी समुद्रावर कुठंतरी तो तोंडात टाकला. बेसन भाजल्याचं कळत होतं, तूपही कळत होतं. पण वेलदोडा कुठं गेला, ते काही केल्या सापडेना.